टपरीवर राहिलेला कोयता

तुमच्या घरातला माणूस सकाळी सरकारच्या फाटकातून आत गेला आणि संध्याकाळी बाहेर आलाच नाही, तर तुम्ही कोणत्या सरकारच्या दारात जाल?

उत्तर सोपे वाटत असेल तर पुढचे जरूर वाचा. मलाही ते सोपे वाटत होते. अंगावर खाकी होती, टेबलावर फौजदारी प्रक्रिया संहिता होती, आणि तरीही एका बाईला मी चुकीचे उत्तर दिले. पुढे नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता धूसर झाले आहे. तो एक सोमवार मात्र तसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो, अगदी ठाण्याच्या पायरीवर पडलेल्या उन्हासकट.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नवा उपनिरीक्षक होतो. आमच्या ठाण्याची हद्द नाशिकच्या कडेपासून सिन्नरच्या दिशेने पसरलेली. त्या रस्त्याला केंद्र सरकारच्या एका खात्याचे मोठे कोठार होते. आज ते तिथे नाही, आणि खाते कोणते हे मी सांगणार नाही. नावे कोणाचीच देणार नाही. उंच भिंत, वर काटेरी तार, दोन फाटके, स्वतःचे सुरक्षारक्षक. आत काय साठवतात हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि विचारायची पद्धतही नव्हती. त्या भिंतीजवळून जाताना आमची जीप आपोआप वेग वाढवायची. 'तिकडचं तिकडं,' असे म्हणायचे. ठाण्यातली ती जुनी म्हण होती.

भातकापणी उरकली की पेठ-सुरगाण्याकडची माणसे कामाला खाली उतरतात. कोठारातल्या चढउतारीसाठी ठेकेदार त्यांच्यातलीच माणसे घ्यायचा. रस्त्याच्या पलीकडे त्यांची पालं पडायची.

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास हजेरी आटोपून मी ठाणे दैनंदिनी पाहत बसलो होतो. दारात एक बाई उभी. तिशीची असेल. नेसूचे गुडघ्यापर्यंत, पायात काही नाही. आत ये म्हटले तरी ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"साहेब, माझा घरवाला शनवारी आत गेला. भायेर नाय आला."

"कुठे आत?"

तिने हात कोठाराच्या दिशेने केला. "संगतीचे भायेर आले. ते म्हनले, त्याला आतल्या साहेबानं मागं थांबवला. का थांबवला ते कोनी सांगत नाय. ठेकेदाराला इचारलं, तो म्हनला गप बस."

"आणि कोठारात विचारलं?"

"आता तिकडूनच आले. ते म्हनत्यात, तो गेला घरी, तू पोलिसाकडं जा."

मी काय केले? मी पेन खाली ठेवले. कोठार केंद्राचे आहे, तिथल्या कामगाराचा प्रश्न तिथल्या कार्यालयाचा आहे, त्यांच्या मुख्य साहेबांना भेट, असे तिला समजावून सांगितले. आवाज चढवला नाही. वाईट बोललो नाही. म्हणूनच ते मला जास्त लागते. मी सभ्यपणे एका बाईला हाकलून दिले होते.

ती हलली नाही. एकदाच म्हणाली, "ते म्हनत्यात इकडं जा. तुम्ही म्हनता तिकडं जा. मी मधी उभी हाय, साहेब."

मग ती गेली. मी दैनंदिनीत तिच्या येण्याची नोंदसुद्धा केली नाही.

आमच्या घरात कामगार सभांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील ती वाटायचे, आणि मी वाचायला शिकलो ते त्या ठळक, काळ्या अक्षरांवर. राज्यांना जास्त अधिकार हवेत, दिल्लीने सगळे आपल्या हातात ठेवू नये, अशा मजकुराची कितीतरी पत्रके मी पाठ केली होती. हा झगडा मुंबई आणि दिल्ली यांच्यातला आहे, मोठ्या टेबलांवरचा आहे, अशी माझी समजूत होती. त्या टेबलाचा एक पाय आमच्या ठाण्याच्या उंबऱ्यावर टेकलेला आहे आणि त्याखाली कोणीतरी चिरडले जाते आहे, हे मला कोणत्याच पत्रकाने सांगितले नव्हते.

दुपारी बाराला बीट फिरून आमचे हवालदार परत आले. पन्नाशीचे, पेठ तालुक्यातलेच, कोकणा या आदिवासी जमातीचे. बोलायला मोकळे. येता येता कोठारासमोरच्या टपरीवर चहा घ्यायचा त्यांचा नेम होता.

"साहेब, ती पायरीवर बसलेली बाई कोणाची?"

म्हणजे ती गेलीच नव्हती. मी हकिगत सांगितली. हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मग बरोबर. टपरीवर एक कोयता राहिलाय."

"कसला कोयता?"

"आमच्याकडचा माणूस कमरेला कोयता लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाय. मागं लाकडी आकडी असते, तिच्यात अडकवायचा. त्या फाटकातून आत धारेची वस्तू नेऊ देत नाहीत. म्हणून ही सगळी पोरं सकाळी टपरीवाल्या मावशीकडं कोयते ठेवतात, संध्याकाळी घेऊन जातात. तिनं खिळे ठोकून दिलेत, एकेकाचा खिळा ठरलेला. शनिवारपासून एक कोयता तसाच लटकतोय. मावशीच मला म्हणाली, हवालदार, हे काय बरोबर दिसत नाय."

"विसरला असेल."

हवालदार हसले. "साहेब, बायको माहेरी गेलेली आमच्या माणसाला दोन दिवस कळायचं नाय. पण कमरेला कोयता नसला की तो नागडा असल्यागत मागं हात लावत बसतो. चप्पल विसरेल. कोयता नाय विसरणार."

आमच्या खात्यात खबर म्हटली की लोकांना अंधारात कुजबुजणारा खबऱ्या आठवतो. माझ्या अनुभवात खरी खबर ही अशीच येते: चहाच्या टपरीवरून, आपल्या जागेवरून न हललेल्या एखाद्या वस्तूची.

मी दिवस मोजले. शनिवार, रविवार, सोमवार. चोवीस तासांच्या आत माणूस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा करायचा असतो. इथे त्याला पकडल्याचीच नोंद नव्हती. ज्याच्या पकडल्याची नोंद नाही, त्याचे काही बरेवाईट झाले तर त्याचीही नोंद होत नाही.

एक वाजता मी आणि हवालदार फाटकावर गेलो. सुरक्षा अधिकारी बाहेरच्या खोलीत भेटला. चाळिशीचा, नीटनेटका, वागायला अतिशय सौजन्याचा.

"या, पीएसआय साहेब. चहा सांगतो."

"चहा नको. शनिवारी एक मजूर आत आला होता."

"आला होता आणि गेलाही." त्याने बाहेर जाणाऱ्यांची वही उघडून माझ्याकडे न फिरवताच एका ओळीवर बोट ठेवले. "शनिवार, सायंकाळी सहा. हे लोक दारू पितात, कुठेतरी पडतात. बायका रडत फिरतात. तुम्ही नवीन आहात, सवय होईल."

"मला आत पाहायचं आहे."

सौजन्य तसेच राहिले, फक्त वही मिटली. "ही केंद्राची जागा आहे. आत यायचं तर वरून परवानगी आणा. नाहीतर उद्या विधिमंडळात आणि संसदेत दोन्हीकडे प्रश्न विचारले जातील, आणि दोन्हीकडे उत्तर म्हणून तुमचं नाव येईल."

खरे सांगतो, मी घाबरलो. आम्ही तसेच ठाण्यावर परतलो आणि मी निरीक्षकांकडे गेलो.

आमचे निरीक्षक सेवेत मुरलेले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि खिडकीकडे पाहत म्हणाले, "मुंबईत एक सरकार, दिल्लीत दुसरं. दोघांचं रोज वाजतंय. अशा वेळी त्या फाटकावर जो कोणी दगड मारेल तो आपल्याच डोक्यात पडेल. तुझी नोकरी किती वर्षांची?"

"दीड."

"माझी मुलगी कॉलेजात आहे. मला इथून कुठंतरी गडचिरोलीला जायचं नाही. मिसिंग दाखल कर, वायरलेस दे, आणि शांत बस."

त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण मीही सकाळी तेच केले होते. दोन सरकारे भांडतात तेव्हा त्यांच्या मधली रेषा धोक्याची असते, एवढेच लोकांना ठाऊक असते. ती रेषा सोयीची असते, हे आम्हा अधिकाऱ्यांना ठाऊक असते. काम टाळायला तिच्याइतकी चांगली जागा नाही.

मी पायरीवर गेलो. ती बाई भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिने पाणीही मागितले नव्हते. तिला आत आणून खुर्चीवर बसवले, ती जमिनीवर बसली. मिसिंगचा फॉर्म समोर घेतला. वय, उंची, रंग, अंगावरचे कपडे. मी विचारत होतो, ती सांगत होती.

"शिक्षण?"

"शाळा नाय. पन सही करतो." पहिल्यांदा तिच्या आवाजात काही उजळले. "दोन साल झाली, पाड्यावर कंदिलाचा वर्ग होता मोठ्या मान्सांचा. तिथं शिकला. आता कुठं बी सही करतो. दारावर कोळशानं केली. कोयत्याच्या आकडीवर तापल्या खिळ्यानं केली. ठेकेदारासंगं भांडला, अंगठा नाय देनार म्हनून. ठेकेदार म्हनतो, आला मोठा मामलेदार."

हवालदार हसले. मी नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती दुपारची वही आली. सुरक्षा अधिकाऱ्याचे बोट, ओळ, आणि ओळीच्या शेवटी काहीतरी जांभळे.

जांभळे होते का? वही माझ्या बाजूने उलटी होती. मी ती दोन-तीन श्वासांपुरती पाहिली असेल. शाईचा डाग होता की अंगठा? की आता मला हवे म्हणून मी ते पाहतो आहे? तपासात माणूस स्वतःशीच सर्वांत जास्त खोटे बोलतो, हे मला प्रशिक्षणात शिकवले होते. मी हवालदारांना विचारले.

"मी बाहेर मावशीशी बोलत होतो, साहेब."

म्हणजे पाहणारा मी एकटाच, आणि मलाच खात्री नाही.

फॉर्म झाल्यावर सहीच्या जागी मी थांबलो. बाईने खाली मान घालून अंगठा पुढे केला. "मला नाय येत. तो शिकवनार होता."

मग मी संहिता उघडली, आणि कपाटातून त्या कोठाराच्या सुरक्षारक्षकांना लागू असलेल्या कायद्याचे धूळ बसलेले पुस्तकही काढले. तासभर वाचले. जे सापडले ते इतके साधे होते की लाज वाटली. पोलीस हा राज्याचा विषय. जमीन कोणाचीही असो, तिथे गुन्हा घडला तर तपास त्या ठाण्याचा. आणि त्यांच्याच कायद्यात लिहिले होते, की रक्षकांनी कोणाला पकडले तर त्याला विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या हवाली करावे, सोबत लेखी अहवाल द्यावा. हे दिल्लीनेच लिहून ठेवले होते. दिल्ली आणि मुंबई दोघीही या बाईच्या बाजूने होत्या. आड येत होते फक्त ते फाटक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची आम्ही माणसे.

मी पत्र लिहिले. दोनच मुद्दे. शनिवारी आपल्या ताब्यात घेतलेल्या इसमास अहवालासह तात्काळ ठाण्यात हजर करावे. आणि त्या दिवशीच्या आत येणाऱ्यांची व बाहेर जाणाऱ्यांची, अशा दोन्ही वह्या तपासासाठी दाखवाव्यात. 'ताब्यात घेतले आहे काय' असे विचारले नाही. 'घेतलेल्या' असेच लिहिले.

निरीक्षकांनी पत्र दोनदा वाचले. "चुकलास तर?"

"तर चुकलो, साहेब."

"सही तुझी कर. मला विचारलंस असं कुठं लिहू नकोस." जरा थांबून म्हणाले, "पण जावक क्रमांक टाक. बिनक्रमांकाचा कागद म्हणजे कचरा."

चार वाजता आम्ही पुन्हा फाटकावर. या वेळी ती बाई सोबत होती. फाटकाच्या खिडकीत सुरक्षा अधिकारी नव्हता, एक साधा रक्षक बसला होता. बागलाणातला, सटाण्याकडचा. सरकारी कार्यालयात एक सवय असते: खिडकीत कागद आला की हात आपोआप शिक्क्याकडे जातो. मी पत्राच्या दोन प्रती सरकवल्या. त्याने न वाचताच एकीवर आवकचा शिक्का मारला, वेळ घातली, सही केली आणि ती प्रत मला परत दिली. मग दुसरी वाचायला घेतली. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला.

"आता दोन्ही वह्या दाखवा," मी म्हणालो.

"साहेब यायचे आहेत."

"पत्र तुम्ही चार वाजून दहा मिनिटांनी घेतलं. यानंतर आत जे काही होईल ते तुम्हाला लेखी कळवल्यानंतर होईल. वही दाखवा."

त्याने आधी आत येणाऱ्यांची वही फिरवली. शनिवार सकाळ. अंगठे, अंगठे, आणि मध्येच एक सही. वाकडी, मोठी, वरची रेघ शेजारच्या रकान्यात गेलेली. बाईने गजातून डोकावून पाहिले. तिला वाचता येत नव्हते, पण ती म्हणाली, "त्याचीच हाय. आकडीवर अशीच हाय."

मग बाहेर जाणाऱ्यांची वही. शनिवार सायंकाळ. त्याच नावापुढे जांभळा अंगठा.

मला भास झाला नव्हता.

"सकाळी सही करणारा माणूस संध्याकाळी अंगठा का देतो?"

रक्षकाने वही आपल्याकडे ओढली.

मी टेबलावर हात आपटला नाही. चौकशीत ओरडण्याने माणूस मिटतो. मी फक्त विचारले, "हा अंगठा कोणाचा? तपासायला पाठवला की आठ दिवसांत कळेल. तुम्ही सांगितलंत तर आत्ता कळेल. ही बाई तीन दिवसांपासून उभी आहे."

त्याने तिच्याकडे पाहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तोपर्यंत तो शुद्ध, कार्यालयीन मराठी बोलत होता. आता ती गळून पडली आणि घरची अहिराणी बाहेर आली.

"आंगठा मना शे, साहेब." माझा आहे. "माले सांगं, लाव म्हने. या लोक आंगठाच लावतस, कोन देखस." मला सांगितले, लाव; या लोकांचा अंगठाच असतो, कोण पाहणार.

"आणि माणूस?"

"मझार शे." आत आहे. "जित्ता शे. दोरखंडनी खोलीमा." जिवंत आहे, दोरखंडांच्या खोलीत.

बाईला अहिराणी येत नव्हती. 'जित्ता' तेवढे तिला कळले. ती खालीच बसली.

मग सगळे उलगडले. शनिवारी दुपारी तांब्याच्या तारेचे एक वेटोळे जागेवर दिसले नाही. या मजुराने दोन दिवस आधी अंगठ्यावरून ठेकेदाराशी वाद घातलेला. 'हाच तोंडाळ आहे' एवढ्यावर संशय याच्यावर. कबूल होईपर्यंत ठेवू, असे ठरले. तो कबूल झाला नाही. रविवारी त्याची अवस्था पाहून आतल्यांना भीती वाटली, आणि मग मागल्या तारखेने वहीत त्याला घरी पाठवण्यात आले.

आता प्रश्न आत जाण्याचा होता. हवालदारांचा हात फाटकाच्या कडीवर गेला होता. मी थांबवले. तेवढ्यात सुरक्षा अधिकारी धावत आला.

"तुम्ही आत पाऊल टाकलंत तर..."

"मी आत येतच नाही," मी म्हणालो. "तुमचा कायदा म्हणतो की तुम्ही त्याला माझ्याकडे आणायचं. आणा. मी इथे रेषेवर उभा आहे."

तो फोनकडे गेला. मी हवालदारांना मागच्या फाटकावर पाठवले. तिकडून कोणी गाडीने हलवले असते तर आमच्या हातात उरला असता फक्त एक शिक्का.

ती वाट पाहणे मी कधी विसरणार नाही. साडेचार. पाच. आत दिवे लागले. टपरीवाल्या मावशीने खिळ्यावरून कोयता काढून बाईच्या मांडीवर आणून दिला. तिने पदराने त्याचे पाते पुसले. साडेपाच झाले. मावशी चहा देत होती आणि कोणी पीत नव्हते. मला सारखे वाटत होते, आत्ता आत काहीतरी घडते आहे, आणि ते माझ्या पत्रामुळे घडते आहे.

पावणेसहाला ठाण्याची जीप आली. निरीक्षक उतरले. मी मनाशी म्हणालो, संपले. मला परत न्यायला आले.

ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "फोन आला होता. मोठ्या माणसाचा. तुला माघारी बोलवा म्हणे."

"मग?"

"मी म्हटलं, लेखी द्या." त्यांनी टोपी नीट केली. "लेखी म्हटल्यावर लाईन कट झाली. च्यायला, वीस वर्षांत हे मला आधी सुचलं नाही."

सहाचा भोंगा झाला. मजूर एकेक करून बाहेर यायला लागले. वहीत अंगठा, टपरीवर येऊन खिळ्यावरचा कोयता, कमरेला आकडी. त्या दिवशी कोयता घेऊन कोणी घरी गेले नाही. सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. आत उभ्या असलेल्यांना ते दिसत होते.

साडेसहाला त्याला बाहेर आणले. दोन रक्षकांनी धरले होते, कारण त्याला तळपाय टेकवता येत नव्हते. उजव्या हाताची बोटे सुजलेली. सोबत घाईने लिहिलेला अहवाल होता, त्यावर त्याच दिवसाची तारीख. बाई पुढे झाली नाही. तिने फक्त कोयता उचलून दाखवला. त्याने पाहिला आणि मान हलवली.

आधी सरकारी दवाखाना, मग ठाणे. फिर्याद त्याने स्वतः दिली. आमच्या मदतनिसाने ती लिहून घेतली, वाचून दाखवली, आणि दिवसभरात शंभर वेळा करतो तसे, मान वर न करता शाईचा पॅड त्याच्यापुढे सरकवला.

आम्ही सगळ्यांनी त्या पॅडकडे पाहिले. मदतनिसाला कळेना काय झाले. तो वाईट माणूस नव्हता. सटाण्याचा तो रक्षकही नव्हता. एकाला केंद्र पगार द्यायचे, एकाला राज्य. डोक्यातली समजूत दोघांची एकच होती.

त्या मजुराने पॅड कोपराने बाजूला सारला. "पेन द्या."

सुजलेल्या बोटांत पेन बसत नव्हते. त्याने ते मुठीत धरले. एकेक अक्षर ओढत गेला. वरची रेघ पार फिर्यादीच्या शेवटच्या ओळीवर चढली. आमचे निरीक्षक उभे होते, ते तसेच उभे राहिले.

तांब्याचे वेटोळे पुढे दुसऱ्याच फळीवर सापडले. त्याच्यावरचा संशय कागदोपत्री मिटला. त्याला कोंडणाऱ्यांचे काय झाले? आम्ही दोषारोपपत्र तयार केले. तेव्हा मुद्दा आला, की आरोपी केंद्राचे नोकर आहेत, कर्तव्य बजावताना घडलेली बाब आहे, खटल्याला केंद्राची मंजुरी हवी. फाईल जिल्ह्यातून मुंबईला गेली, मुंबईहून दिल्लीला गेली. दिल्लीने मुंबईला खुलासा विचारला. मुंबईने जिल्ह्याला विचारला. माझी बदली झाली, मी नव्या ठिकाणाहून स्मरणपत्रे लिहीत राहिलो. दोन हजार साल उलटून गेल्यावर मला शेवटचे उत्तर आले: प्रकरण विचाराधीन आहे. त्या बाईसारखीच ती फाईल मध्ये उभी होती. माझ्या माहितीप्रमाणे अजून आहे.

त्यामुळे हे प्रकरण मी जिंकलो असे कोणी म्हणू नये. मी एक माणूस जिवंत बाहेर काढला, तोही अर्धा दिवस उशिरा. तो अर्धा दिवस माझा होता. सकाळी दहाला मी पेन खाली ठेवले नसते तर त्याचे सहा तास वाचले असते. त्या सहा तासांत त्याच्या बोटांना काय झाले हे मी दवाखान्याच्या दाखल्यात वाचले आहे.

राज्य मोठे की केंद्र, यावर मी आजही वाद घालतो. राज्यांचे अधिकार दिल्लीने गिळू नयेत, हे मला आजही पटते. पण राज्याने मागून घेतलेला अधिकार ठाण्याच्या टेबलावर वापरायचा नसेल, तर तो कशासाठी मागायचा? अधिकार कोणाचा हे मोठ्या सभागृहात ठरो. जबाबदारी मात्र ज्याच्या उंबऱ्यावर माणूस उभा आहे त्याची. ती दिल्लीला पाठवता येत नाही आणि मुंबईलाही पाठवता येत नाही.

आता एक मागणे आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. पुढच्या वेळी पोलीस ठाण्यावरून जाताना पायरीवर कोणी बसलेले दिसले, तर जीपसारखे वेग वाढवून पुढे जाऊ नका. थांबा. विचारा, "तुमचं लिहून घेतलं का?" नाही म्हणाले, तर त्यांच्यासोबत आत जा. तक्रार लिहून होईपर्यंत, वाचून दाखवेपर्यंत आणि नोंदीचा क्रमांक हातात मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि सहीची वेळ आली, पुढे शाईचा पॅड सरकला, की आधी त्या माणसाला विचारा, पेन हवे आहे का.